थांबलेल्या घड्याळाचे घर

टोकियोच्या एका भागात, चढावाच्या रस्त्याच्या टोकाला, एक जुने दुमजली लाकडी घर आहे. त्याच्या छपरावर घड्याळाचा मनोरा आहे. घड्याळ मात्र बंद पडलेले. घराचे नाव ‘इक्कोकु-कान’. ‘इक्कोकु’ म्हणजे एक क्षण आणि ‘कान’ म्हणजे वाडा. खोल्या भाड्याने दिलेल्या, स्नानासाठी सार्वजनिक स्नानगृह गाठायचे, साऱ्या बिऱ्हाडांत मिळून दूरध्वनी एकच. हे घर नकाशावर शोधून सापडणार नाही. रुमिको ताकाहाशी या चित्रकर्तीने ते कागदावर बांधले, आणि गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या कन्येने ते आम्हांस संगणकाच्या पडद्यावर दाखविले.

आरंभी आम्ही नाखूष होतो. हलत्या चित्रांच्या गोष्टी म्हणजे बाळगोपाळांची करमणूक, ही आमची समजूत. शिवाय मालिका तब्बल ९६ भागांची! परंतु जपानात चित्रकथा ही केवळ मुलांसाठी नसते. तेथे तिला ‘मांगा’ म्हणतात आणि आगगाडीत उभे असलेले कचेरीतले कारकूनही ती वाचतात. ‘मेझाँ इक्कोकु’ ही मांगा १९८० ते १९८७ या काळात ‘बिग कॉमिक स्पिरिट्स’ या प्रौढ तरुणांच्या नियतकालिकातून क्रमशः आली आणि पुढे तिचे १५ खंड झाले. निइगाता येथे १९५७ साली जन्मलेल्या ताकाहाशीबाई त्याच वर्षांत मुलांच्या एका साप्ताहिकासाठी परग्रहावरील तरुणीची धमाल गोष्टही काढीत होत्या. एका हाताने तो धुडगूस आणि दुसऱ्या हाताने ही संथ, घरगुती कथा! दूरचित्रवाणीवर त्या परग्रहवासिनीची मालिका १९८६च्या मार्चमध्ये संपली आणि लगेच तिच्याच जागी, फुजी वाहिनीवर, ‘मेझाँ इक्कोकु’ सुरू झाली. ती मार्च १९८८पर्यंत दर आठवड्यास चालली.

कथेचा नायक युसाकु गोदाई हा ‘रोनिन’ आहे. धनी गमावलेल्या सामुराईसाठी असलेला हा जुना शब्द आता विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेत नापास होऊन पुन्हा अभ्यासास बसलेल्या विद्यार्थ्यास लावतात. (आमच्या शाळेतील काही माजी विद्यार्थ्यांस हा शब्द फार आवडेल.) गोदाईस अभ्यास करू देईल तर ते इक्कोकु-कान कसले! शेजारच्या खोलीतले योत्सुया भिंतीला भगदाड पाडून सरळ आत येतात. हे गृहस्थ पोटासाठी काय करतात, हे ९६ भागांत कोणासही कळत नाही. इचिनोसेबाई हातात पंखे घेऊन नाचतात, मद्यगृहात काम करणारी आकेमी अपुऱ्या वस्त्रांत घरभर हिंडते, आणि सर्वांच्या मद्यपानाच्या बैठका भरतात त्या बिचाऱ्या गोदाईच्याच खोलीत. घरातील वडीलधाऱ्यांनी हे ध्यानात घेऊनच मालिका लावावी. कंटाळून गोदाई घर सोडण्याच्या बेतात असतो, तोच वाड्याची नवी व्यवस्थापिका दारात उभी राहते. क्योको ओतोनाशी. पिलाचे चित्र असलेला एप्रन ल्यालेली, हाती झाडू, सोबत भला मोठा पांढरा कुत्रा. गोदाईचे सामान खोलीतच राहते.

आडनावांतही ताकाहाशीबाईंनी एक गंमत केली आहे. इचिनोसेमध्ये एक, गोदाईचा प्रतिस्पर्धी मिताका याच्यात तीन, योत्सुयात चार, गोदाईत पाच, आकेमीच्या रोप्पोंगी या आडनावात सहा असे आकडे दडलेले आहेत आणि भाडेकरूंच्या खोल्यांचे क्रमांकही तेच. ओतोनाशी म्हणजे ‘आवाज नसलेले’. त्यातील ‘नाशी’ म्हणजे नाही, अर्थात शून्य. आणि हे आडनाव क्योकोचे माहेरचे नव्हे, सासरचे आहे.

कुत्र्याचे नाव सोइचिरो. क्योकोच्या तोंडी हे नाव ऐकून गोदाई आधी मत्सराने जळतो. मग तो कुत्राच आहे हे कळून सुखावतो. आणि त्यानंतर कुठे त्यास उमगते, की सोइचिरो हे तिच्या दिवंगत पतीचे नाव. तो तिच्या शाळेत शिक्षक होता. तिने आईबापांच्या विरोधास न जुमानता शाळा संपताच त्याच्याशी लग्न केले आणि सहा महिने होतात न होतात तोच तो गेला. मुख्याध्यापक या नात्याने विद्यार्थिनीने शिक्षकावर प्रेम करण्यास आमची संमती नाही, हे येथेच नमूद करतो. पुढे गोदाई त्याच शाळेत अध्यापनाच्या सरावास जातो आणि यागामी नावाची मुलगी हट्टाने त्याच्या मागे लागते, तेव्हा क्योकोस आपलेच जुने रूप समोर दिसते. ते भाग आम्ही पाठ्यक्रमाच्या बैठकीपेक्षा अधिक लक्षपूर्वक पाहिले.

आता मुख्य गोष्ट. आपल्याकडे १८५६ साली विधवाविवाहाचा कायदा झाला, १८९३ साली अण्णासाहेब कर्व्यांनी गोदूबाईंशी विवाह केला आणि आपल्या कथा-कादंबऱ्यांतून विधवेच्या वाटेत रूढी, सासर, गाव, शास्त्री असे सारे जग उभे राहिलेले आपण वाचत आलो. क्योकोची वाट कोणीही अडवीत नाही. घराचे मालक असलेले तिचे सासरेच तिला सांगतात, की बाळ, तू तरुण आहेस, नवा संसार मांड. आईचा तर तगादाच असतो. श्रीमंत, देखणा, टेनिस शिकविणारा मिताका हात जोडून उभा आहे. त्याला कुत्र्यांचे भय आहे एवढीच खोट. दार उघडे आहे आणि आत बसलेली स्वतःच बाहेर येत नाही. आपण पुन्हा प्रेम केले तर पहिले प्रेम खोटे ठरेल, ही तिची भीती. हे तिने कोणास बोलून दाखविणे कठीण. म्हणून ती गोदाईवर रागावते, मत्सर करते, अबोला धरते, आणि प्रेक्षक हसत राहतो.

मालिकेत दोषही आहेत. गैरसमजांची आवर्तने मध्यंतरी कंटाळा आणतात. आपल्यावर जीव लावणाऱ्या कोझुए या मुलीस गोदाई वर्षानुवर्षे स्पष्ट नकार देत नाही, हे आम्ही त्यास क्षमा करू शकत नाही. मिताकाचा निकाल तर शुद्ध प्रहसनाने लागतो: ज्या गर्भारपणाच्या वार्तेने तो दुसऱ्या मुलीशी लग्नास बांधला जातो, ते तिच्या कुत्रीचे निघते! परंतु काळ या कथेत खरोखर चालतो, हे तिचे मोठेपण. पोरे मोठी होतात. गोदाई कसाबसा पदवीधर होतो, मिळालेली नोकरी कंपनीच बुडाल्याने हातची जाते, मग बालवाडीत लहान मुले सांभाळता सांभाळता आपले काम हेच, असे त्यास कळते आणि परीक्षा देऊन तो बालवाडीचा शिक्षक होतो. क्योको ज्याची वाट पाहते तो हळूहळू पडद्यावर घडतो.

मृत सोइचिरोचा चेहरा मात्र आपणांस एकदाही दिसत नाही. तो नेहमी सावलीत असतो. गोदाईची स्पर्धा अशा माणसाशी आहे, की जो कधी म्हातारा होणार नाही, कधी चुकणार नाही. शेवटी गोदाई एकटाच त्याच्या थडग्यापाशी जातो आणि हे मान्य करतो, की क्योकोच्या मनातून तुम्हांस काढणे शक्य नाही. तेव्हा तुमच्यासह मी तिला स्वीकारतो. क्योको ते मागे उभी राहून ऐकते. त्यानंतर ती पतीच्या वस्तू सासऱ्यांच्या हवाली करते. कोणी मागितल्या म्हणून नव्हे.

हा भाग पाहताना आम्हांस आमची धाकटी आत्या आठवली. ती चोविसाव्या वर्षी विधवा होऊन बेळगावला माहेरी परतली, तेव्हा आम्ही तिसरीत होतो. दोन वर्षांनी आजोबांनी स्वतःच एक बिजवर आणला. आत्याने नाही म्हटले. हिला कोणी अडविले नाही, हीच अडली, असे घरात म्हणत. आम्हीही पुढे तेच म्हणत आलो. तिच्या खोलीत एक लोखंडी ट्रंक असे, आणि तीतील मनगटी घड्याळास ती रोज रात्री किल्ली देई.

आत्या आता सत्तरीपुढे आहे. दिवाळीत ती आली असता कन्येने तिला ते शेवटचे भाग लावून दिले आणि इंग्रजी ओळी मराठीत वाचून दाखविल्या. आत्या बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “त्या मुलाने आधी तिकडे जाऊन विचारले, हे बरे केले. माझ्या वेळी जे आले होते, त्यांनी निरोप धाडला होता की ट्रंक माहेरी ठेवून यावे.”

आजोबांना हे ठाऊक होते की नाही, ते आता कोणास विचारणार? आमच्या कानी ते प्रथमच आले.

पडद्यावर क्योको आणि गोदाई आपल्या तान्ह्या मुलीस घेऊन इक्कोकु-कानात परतत होते. आत्याने चष्मा पुसला आणि कुत्र्याचे नाव पुढे बदलले का, ते विचारले. बदलले नाही, असे कन्येने सांगितले.