पाकिटावर ३२००, चालते २१३३!

गेमसाठी संगणक असेंबल करून विकणाऱ्या आमच्या बंधूंना एक तक्रार नेहमीची आहे : डीडीआर-४ रॅम ३२०० ची घेतली, तरी गेम अडखळतो. आम्ही असे मशीन उघडतो तेव्हा रॅम बहुधा २१३३ किंवा २४०० वरच चालत असते. बायोसमध्ये एक्सएमपी चालूच केलेले नसते! ते केले की व्होल्टेज १.२ वरून साधारण १.३५ होते. दोन स्टिक असतील तर चार स्लॉटच्या बहुतेक बोर्डांवर त्या प्रोसेसरकडून दुसऱ्या व चौथ्या स्लॉटमध्ये बसवाव्यात. मग मेमटेस्ट८६ रात्रभर चालवावे. एकही एरर आला तर वेग २९३३ वर उतरवावा. गिऱ्हाइकाला तसे सांगावेही. ही रात्र वाचवून आम्ही एकदा माल दिला होता. चौथ्या दिवशी मशीन परत आले, टेम्पोचे भाडेही आमच्याच खिशातून गेले.