पहिली मोटारसायकल आणि काळी माती

पालम तालुक्यातील तरुण पहिली मोटारसायकल घेण्यासाठी गंगाखेडला किंवा परभणीला जातो, तेव्हा चर्चा बहुधा दोनच आकड्यांभोवती फिरते: इंजिन किती सीसीचे आणि ॲव्हरेज किती. हे आकडे निरर्थक नाहीत. परंतु गाडी वेळेवर थांबेल का आणि वळणावर सावरेल का, हे त्यांतून कळत नाही. ते टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षणावर ठरते, आणि मोटारसायकलीचे प्रत्येक चाक रस्त्याला एका वेळी जेमतेम तळहाताएवढ्या क्षेत्रात टेकलेले असते. वेग वाढवणे, ब्रेक लावणे आणि वळणे या तिन्ही क्रिया तेवढ्याच घर्षणातून आपापला वाटा घेतात. म्हणूनच वळणावर तिरकी झालेली गाडी एरवी पेलला असता अशा ब्रेकनेही सटकते.

पालमच्या परिसरात या घर्षणाचा मुख्य शत्रू म्हणजे तेथील माती. बेसाल्ट खडकाच्या विदारणातून, म्हणजे ऊन, पाणी आणि काळ यांच्या माऱ्याने खडक झिजून, तयार झालेल्या या काळ्या जमिनीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे चिकणखनिज विपुल असते. त्याचे कण अतिसूक्ष्म पापुद्र्यांचे बनलेले असून पापुद्र्यांमध्ये पाणी शिरले की माती फुगते आणि सुकली की आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. हेच फुगणे-आकसणे रस्त्याखालीही चालू असल्यामुळे डांबराच्या कडा तुटतात आणि साइडपट्टी खाली बसते. समोरून येणाऱ्या ट्रकला वाट देताना साइडपट्टीवर उतरलेला नवखा चालक लगेच डांबरावर चढू पाहतो, तेव्हा चाक कडेला जवळजवळ समांतर असल्याने वर न चढता कडेला घासत राहते, हँडल वळवूनही गाडी वळत नाही आणि तोल जातो. वेग पुरता कमी करून, कडेशी शक्य तेवढा मोठा कोन साधून चढणे, हाच यावरचा उपाय आहे.

मृगाच्या सरी पडल्यानंतर ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर शेतातला चिखल डांबरावर येतो, तो टायरच्या खाचांत भरतो, आणि ज्या खाचांनी पाणी बाहेर फेकायचे त्या बुजल्या की टायर गुळगुळीत झाल्यासारखाच वागतो. पांदण रस्त्यावर तर चिखल चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये असा गच्च बसतो की चाक फिरेनासे होते आणि काडीने तो उकरून काढावा लागतो. ज्याला रोज शेतात जायचे आहे, त्याला वाढीव पन्नास सीसीपेक्षा चाकापासून मोकळे अंतर राखणारे मडगार्ड आणि खोल खाचांचे टायर अधिक उपयोगी पडतात. पण शोरूममध्ये वाकून ते अंतर पाहणारा ग्राहक विरळाच.

थांबण्याचे गणित वेगाच्या वर्गाने वाढते. कोरड्या डांबरावर घर्षण गुणांक, म्हणजे घर्षणबल आणि भार यांचे गुणोत्तर, सुमारे ०.७ धरला, तर ताशी ४० किलोमीटर वेगातील गाडी ब्रेक लागल्यानंतर साधारण ९ मीटरमध्ये, ६० च्या वेगातील २० मीटरमध्ये आणि ८० च्या वेगातील ३६ मीटरमध्ये थांबू शकते. धोका दिसून ब्रेक लावेपर्यंत जाणारा एक सेकंद यात धरलेला नाही. ८० च्या वेगात त्या सेकंदात आणखी २२ मीटर मागे पडतात. ओल्या रस्त्यावर गुणांक ०.४ वर आला, तर ६० च्या वेगातील २० मीटरचे ३५ मीटर होतात. गळीत हंगामात रात्री उसाने भरलेली, मागे दिवा नसलेली ट्रॉली हेडलाइटच्या उजेडात किती अंतरावर दिसते, याचा विचार या आकड्यांशेजारी ठेवूनच करावा.

ब्रेक लागताच भार पुढच्या चाकावर सरकतो, त्यामुळे थांबवण्याचे बहुतांश काम पुढचा ब्रेक करतो. तरीही गाडी पालथी होईल या भीतीने अनेक चालक केवळ पायाच्या ब्रेकवर विसंबतात. १२५ सीसीपर्यंतच्या बहुतेक मोटारसायकलींमध्ये असलेली सीबीएस ही रचना पायाचा ब्रेक दाबताच पुढचा ब्रेकही काही प्रमाणात लावते. एबीएसमध्ये चाकाच्या वेगाची नोंद घेणारा सेन्सर असतो आणि चाक जाम होऊ लागताच यंत्रणा ब्रेकचा दाब सेकंदात अनेक वेळा सोडून पुन्हा लावते, त्यामुळे चाक फिरत राहते आणि हँडलवरचा ताबा सुटत नाही. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या दुचाकींना एबीएस आणि त्याखालच्यांना किमान सीबीएस बंधनकारक झाले. जुनी गाडी घेणाऱ्याने म्हणूनच उत्पादनाचे वर्ष पाहावे, आणि टायरच्या बाजूवरील चार अंकही वाचावेत: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. खाचा शाबूत दिसल्या तरी वर्षानुवर्षे उन्हात राहिलेले रबर कडक होऊन पकड गमावते.

वजन आणि शक्ती यांचा हिशेबही डोळसपणे करावा लागतो. हिरो स्प्लेंडर प्लस सुमारे ११२ किलो वजनाची आणि ८ अश्वशक्तीची आहे. बजाज पल्सर एनएस २०० सुमारे १५८ किलो आणि २४ अश्वशक्तीची, म्हणजे दर किलोमागे जवळपास दुप्पट शक्तीची. नवख्याच्या मनगटाला ॲक्सिलरेटर नेमका किती पिळायचा हे उमगलेले नसते, तेव्हा हा फरक अंगाशी येतो. १९५ किलोची रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० चालताना स्थिर वाटते, पण चिखलात उभी असताना कलली की पायाने सावरणे अवघड होते. सीटवर बसल्यावर दोन्ही पाय जमिनीला नीट टेकणे हा निकष शोरूममध्येच तपासता येतो.

हेल्मेटमागील विज्ञानाचा उगम एका अपघातात आहे. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून ओळखले जाणारे टी. ई. लॉरेन्स मे १९३५ मध्ये मोटारसायकल अपघातात डोक्याला मार लागून मरण पावले; त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांपैकी ह्यू केर्न्स या मेंदूशल्यविशारदाने पुढे सैन्यातील मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा अभ्यास करून १९४१ मध्ये हेल्मेटचे महत्त्व मांडले. आजच्या हेल्मेटचे खरे काम बाहेरचे चकचकीत कवच नव्हे, तर आतील थर्माकोलसारखा दाट थर करतो. डोके सेकंदाला ६ मीटर वेगाने जमिनीवर आदळून ३ मिलिमीटरमध्ये थांबले, तर त्याला गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ६०० पट मंदन सोसावे लागते. तोच थर चिरडत ३ सेंटिमीटरमध्ये थांबले, तर सुमारे ६० पट. चिरडलेला थर पुन्हा फुगत नाही, म्हणून एकदा जोरात आदळलेले हेल्मेट बाद समजावे. आयएसआय चिन्हासोबत आयएस ४१५१ हा क्रमांक असलेले हेल्मेटच घ्यावे. पट्टा न लावता नुसते डोक्यावर ठेवलेले हेल्मेट पहिल्याच आदळण्यात उडून जाते.

मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर गेला की जॅकेटचे नाव काढले तरी घाम फुटतो, आणि ही तक्रार रास्त आहे. परंतु हवा त्वचेपेक्षा, म्हणजे साधारण ३५ अंशांपेक्षा, अधिक तापलेली असताना उघड्या हातांवर येणारा वारा त्वचेला उष्णता देतच राहतो आणि घाम भराभर सुकवून शरीरातील पाणी कमी करतो. तोंडाला दस्ती बांधून झळा अडवणाऱ्या मराठवाड्यातील माणसाला हे ठाऊकच असते. जाळीदार कापडाचे, खांदे आणि कोपरांत संरक्षक पॅड असलेले जॅकेट त्याच दस्तीचे काम करते आणि घसरताना कातडीही वाचवते. ईएन १६२१-१ या युरोपीय मानकानुसार अशा पॅडवर ५० ज्यूल ऊर्जेचा आघात करून आरपार जाणारे बल मोजतात. पहिल्या पातळीच्या पॅडमधून सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत, तर दुसऱ्या पातळीच्या पॅडमधून २० किलोन्यूटनपर्यंतच बल जाऊ दिलेले चालते. जॅकेट परवडत नसेल, तर आधी हातमोजे घ्यावेत, कारण पडणारा माणूस सर्वप्रथम तळहात पुढे करतो. आणि घोटा झाकणारे बूट घ्यावेत, कारण गाडी कलली की तिचे वजन पायावरच येते आणि चपलेतला पाय फूटरेस्टखाली सापडतो.