पित्ताशयाची गोष्ट : ७
डबीतले खडे

हर-टू या जनुकाशी निगडित औषधांचं या आठवड्यात लिहीन म्हणालो होतो. ते पुढं ढकलतोय. मच्छे गावाहून एका वाचक बाईंचा फोन आला. त्यांच्या जाऊबाईंचं खड्यांचं ऑपरेशन झालं आणि काढलेल्या पित्ताशयाच्या तपासणीत कॅन्सर निघाला. बाई म्हणाल्या, "डॉक्टर, हा जनुकांचा रोग म्हणून तुम्हीच लिहिलासा की. मग आता तिच्या दोन्ही पोरींचं रक्त तपासून घ्यायचं काय ओ?"

चूक माझीच. 'जनुकीय' आणि 'आनुवंशिक' हे दोन शब्द आपण मराठीत सर्रास एकाच अर्थानं वापरतो, आणि मीही गेल्या दोन लेखांत तेच केलं. टीपी५३ हे जनुक बिघडणं, हर-टू जनुकाच्या प्रती वाढणं ही सगळी गडबड गाठीच्या पेशींत होते, तीही आयुष्याच्या ओघात. आईच्या पित्ताशयात झालेला हा बिघाड पोरींकडे उतरत नाही. हर-टूवरची औषधं नेम धरतात ती अशाच बिघाडावर.

मग वारशानं काहीच येत नाही का? थोडं येतं, आणि ते माझ्या फार आवडीचं प्रकरण आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियलमधल्या शरयू म्हात्रे, राजेश दीक्षित आणि सहकाऱ्यांनी पित्ताशयाच्या कॅन्सरचे हजाराहून जास्त भारतीय रुग्ण आणि त्याहून अधिक निरोगी माणसं घेऊन सगळी गुणसूत्रं चाळली. २०१७ मध्ये ते काम 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी'त आलं. वारशानं येणाऱ्या धोक्याची खूण सापडली सातव्या गुणसूत्रावर, एबीसीबी१ आणि एबीसीबी४ या शेजारी-शेजारी बसलेल्या जनुकांच्या भागात.

या जनुकांचं घराणं मोठं गमतीचं. १९७६ मध्ये टोरांटोत ज्युलियानो आणि लिंग या शास्त्रज्ञांना हॅमस्टरच्या हट्टी पेशींवर एक प्रथिन दिसलं. औषधाला दाद न देणाऱ्या या पेशी आत आलेलं औषध बाहेर फेकतात, ते याच्या जोरावर, हे पुढं उलगडलं. तेच एबीसीबी१चं प्रथिन. मग भावंडं सापडत गेली आणि सगळ्यांना 'बहुऔषधरोधक' हे आडनाव चिकटलं. एबीसीबी४ मात्र औषधं फेकण्याच्या कामात दिसेना. १९९३ मध्ये ॲमस्टरडॅमच्या प्रयोगशाळेत उंदरांमधलं हेच जनुक मोडून पाहिलं. उंदीर जगले, पण त्यांच्या पित्तात लेसिथिनच्या जातीचा स्निग्ध पदार्थ अजिबात उतरेना आणि यकृत दुखावलं. म्हणजे एबीसीबी४चं काम यकृताच्या पेशीतून लेसिथिन पित्तात ढकलण्याचं!

ते का लागतं? पित्त म्हणजे (छातीत जळजळतं ते 'पित्त' नव्हे, ते पोटातलं आम्ल) मुळात साबण. चरबी फोडणारे क्षार त्यात असतात. रोज सोड्यानं भांडी घासणाऱ्या बाईचे हात जसे फुटतात, तसं नुसत्या क्षारांनी पित्तनलिकेचं अस्तर सोलून निघेल. लेसिथिन त्या क्षारांना सोबत घेऊन सौम्य करतं, शिवाय कोलेस्टेरॉल विरघळलेलं ठेवतं. ते कमी पडलं की कोलेस्टेरॉलचे स्फटिक, स्फटिकांचे खडे. ज्यांच्यात हे जनुक जास्त बिघडलेलं असतं, त्यांना चाळिशीच्या आतच खडे होऊ शकतात. खडे आणि वर्षानुवर्षांची सूज ही या कॅन्सरची जुनी ओळख आहेच. खूण एखाद्या भागात सापडली म्हणजे नेमका गुन्हेगार हाती लागला असं नसतं, पण माझा संशय एबीसीबी४वर.

तर मच्छेच्या ताई, पोरींचं रक्त तपासू नका. जनुकांतले हे वारशाचे बदल पुष्कळ निरोगी माणसांतही असतात. एकेक बदल धोका थोडाच वाढवतो, आणि रिपोर्ट हातात घेऊन करायचं काय, याला उत्तर नाही. जवळच्या नात्यात हा कॅन्सर असला तर धोका काहीसा जास्त असतो हे खरं, म्हणून उजव्या बरगडीखाली कळ आली तर 'गॅस असेल' म्हणून बसू नये, सोनोग्राफी करावी. एवढं पुरे.

जाऊबाईंचं एक मात्र नशीब, त्यांचं काढलेलं पित्ताशय तपासणीला गेलं. मी पॅथॉलॉजीत तीस वर्षं काढली. खड्यांच्या ऑपरेशननंतर नातेवाइकांच्या हातात प्लास्टिकच्या डबीत खडे देतात. काळपट, पिवळे, तुतीच्या फळासारखे खडबडीत. घरोघरी शोकेसमध्ये ती डबी पाहिलीय मी. अन् पित्ताशयाची पिशवी? पुष्कळदा कचऱ्यात. चांगली पिशवी उघडली की आत हिरवट मखमल दिसते. त्या मखमलीत कुठंतरी तांदळाएवढा जाड ठिपका बोटाला लागतो, आणि काही वेळा कॅन्सरचा पहिला पुरावा तेवढाच असतो. हर-टूची तपासणीही गाठीच्या मेणात बसवलेल्या तुकड्यावरच करतात. तुकडाच नसला तर पुढच्या आठवड्याच्या लेखातली औषधं कुणाला द्यायची हे कळणार कसं?

तेव्हा घरात कुणाचं खड्यांचं ऑपरेशन असेल, तर डबी हवी तर घरी न्या, पण पिशवी तपासणीला पाठवायला सांगा आणि तिचा रिपोर्ट मागून घ्या.