पुडीत शिजवतं ते पाणी

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात शेनांडोआ राष्ट्रीय उद्यान आहे. त्यात बिग मेडोज नावाचं एक मोकळं पठार, समुद्रसपाटीपासून साधारण साडेतीन हजार फूट उंच. भाचीच्या कुटुंबाबरोबर मी तिथे तंबूत दोन रात्री राहिले. पहिल्या संध्याकाळचा स्वयंपाक तिच्या अकरा वर्षांच्या मुलाने अंगावर घेतला होता. तो स्काउटमध्ये जातो, आणि फॉइलच्या पुडीतलं जेवण हा तिथल्या स्काउट मुलांचा हातखंडा पदार्थ.

त्याने ॲल्युमिनियम फॉइलचा मोठा तुकडा पसरला. त्यावर बटाट्याच्या जाडजूड फोडी, कांदा, मीठ, मिरपूड आणि लोण्याचा गोळा घातला. सगळ्यांच्या वर स्टेक ठेवला. स्टेक म्हणजे अमेरिकेत बहुतेक वेळा गोमांसाचा इंचभर जाड काप. कडा दुमडून पुडी निखाऱ्यांवर गेली आणि अर्ध्या तासाने उघडली. मांस करडं पडून चिवट झालं होतं, आणि बटाट्यात सुरी घातली तर कचकन आवाज आला.

"आजी, आग एकच, पुडी एकच. मग एक जास्त शिजलं आणि दुसरं कच्चं राहिलं, असं कसं?"

प्रश्न अगदी नेमका होता. त्याच्या उत्तरात उष्णतेचं निम्मं शास्त्र सामावलेलं आहे.

वाफेचा कारभार

निखारे पाच-सहाशे अंश सेल्सियसच्या पुढे सहज जातात. पुडीच्या आत मात्र फार वेगळी परिस्थिती असते. बटाट्यात जवळजवळ 80 टक्के पाणी असतं, मांसात 70 ते 75 टक्के, कांद्यात त्याहूनही जास्त. पुडी तापली की हे पाणी सुटतं, उकळतं आणि त्याची वाफ होते. पाणी शिल्लक आहे तोवर आतलं तापमान पाण्याच्या उत्कलनबिंदूपुढे जवळपास सरकत नाही. खालून कितीही उष्णता आली तरी ती पाण्याची वाफ करण्यातच खर्च होते. प्रेशर कुकरसारखा दाब पुडीत साठत नाही, कारण दुमडलेल्या कडांमधून जादा वाफ निसटत राहते. बिग मेडोजच्या उंचीवर तर पाणी 96-97 अंशांनाच उकळतं. म्हणजे बाहेर सहाशे अंश असोत की सातशे, आतल्या बटाट्याला शंभराच्या आतलाच कारभार माहीत असतो.

पण ही वाफ दुबळी नव्हे. एक ग्रॅम पाणी शून्यापासून शंभर अंशांपर्यंत तापवायला 100 कॅलरी लागतात. त्याच शंभर अंशांच्या पाण्याची वाफ करायला आणखी 540 कॅलरी लागतात. स्कॉटलंडमधल्या जोसेफ ब्लॅक यांनी 1760 च्या दशकात ही गोष्ट उलगडली. शाळेत आपण तिला अप्रकट उष्मा म्हणून शिकलो. वाफ थंड बटाट्यावर आदळते, तिचं पुन्हा पाणी होतं आणि त्या क्षणी त्या 540 कॅलरी ती बटाट्याच्या हवाली करते. मग ते पाणी ओघळून तापलेल्या तळाशी येतं आणि पुन्हा वाफ होऊन वर जातं. झाकण ठेवून भाजीला 'एक वाफ काढणं' म्हणजे हेच. पुडी उघडताना हात भाजतो तोही याच कारणाने. म्हणून पुडीचं तोंड नेहमी आपल्या विरुद्ध बाजूला उघडावं.

फॉइलचं खरं काम ही वाफ आतच फिरती ठेवण्याचं. घरगुती फॉइलची जाडी एका मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाच्या आसपास, आणि ॲल्युमिनियममधून उष्णता पाण्याच्या तुलनेत सुमारे चारशे पट सहज वाहते. त्यामुळे फॉइल उष्णतेला जवळजवळ अडवत नाही, अडवते ती फक्त वाफ. चकचकीत बाजू आत ठेवायची की बाहेर, यावर घरोघरी मतं असतात. प्रत्यक्षात शेवटच्या लाटणीत दोन पत्रे एकत्र रुळांखालून जातात. रुळाला लागलेली बाजू चकचकीत होते, एकमेकांना चिकटलेल्या बाजू मंद राहतात. स्वयंपाकात त्याने जाणवण्याजोगा फरक पडत नाही.

फरक पडतो तो निखाऱ्यांनी. ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळतं आणि वारा लागलेला रसरशीत निखारा त्याच्या पलीकडे जाऊ शकतो. एकेरी फॉइलला मग भोक पडतं आणि वाफ पळून जाते. निखाऱ्यांवर राखेचा करडा थर धरेपर्यंत थांबावं आणि फॉइल दुहेरी घ्यावी, ते याचसाठी.

दोन पदार्थ, दोन घड्याळं

आता मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. मांस आणि बटाटा यांचं 'शिजणं' ही मुळात एक गोष्टच नव्हे.

मांस म्हणजे प्रथिनांचे धागे. त्यातलं मायोसिन 50 अंशांच्या आसपास आपली घडी बदलतं आणि मांस घट्टसर, रसदार होतं. साठीच्या पुढे स्नायूंभोवतीचं कोलॅजेन आकसतं आणि ओलं फडकं पिळावं तसा रस बाहेर पिळला जातो. 70 अंशांच्या आसपास ॲक्टिनही आवळतं आणि तुकडा कोरडा, चिवट होतो. अमेरिकेच्या कृषी खात्याने अखंड स्टेकसाठी सुरक्षित तापमान 63 अंश आणि त्यानंतर तीन मिनिटांचा विसावा असं सांगितलं आहे. म्हणजे स्टेकचं काम साठीच्या घरात आटोपतं.

बटाट्याचं काम तिथे नुकतं सुरू होत असतं. त्यातला स्टार्च 60 ते 70 अंशांत पाणी पिऊन फुगतो, पण तेवढ्याने बटाटा मऊ पडत नाही. त्याच्या पेशी एकमेकींना पेक्टिनच्या खळीने चिकटलेल्या असतात, आणि ही खळ सुटायला 85-90 अंशांच्या पुढचं तापमान काही वेळ टिकावं लागतं. बटाट्यात एक विकरही असतं. ते 55 ते 65 अंशांच्या पट्ट्यात जागं होऊन पेक्टिनला उलट जास्तच पक्कं करतं. विझत आलेल्या आगीवर रेंगाळलेला बटाटा मग नंतर कितीही वेळ ठेवला तरी नीट लुसलुशीत होत नाही.

त्यात जाडीचा हिशेब मिसळतो. फ्रेंच गणितज्ञ जोसेफ फूरिए यांनी 1822 साली उष्णतेच्या वहनावरचा आपला ग्रंथ छापला. त्यांच्या समीकरणातून स्वयंपाकघराला मिळणारा नियम असा : जाडी दुप्पट झाली की उष्णता गाभ्यापर्यंत पोहोचायला चौपट वेळ. एक सेंटिमीटर जाडीच्या कापाचा गाभा वाफेत तीन-चार मिनिटांत तापत असेल, तर चार सेंटिमीटर जाडीच्या कापाला सोळापट, म्हणजे तासाच्या आसपास वेळ लागेल. फोडीला सगळ्या बाजूंनी वाफ लागते, तेव्हा प्रत्यक्षात वेळ थोडा कमी भरतो, पण गणिताची दिशा तीच. उलट इंचभर जाड स्टेकचा गाभा वाफेत दहा मिनिटांच्या आसपासच साठीला टेकतो. आमच्या पुडीत मांस वीस मिनिटं जादा पिळलं जात होतं आणि बटाट्याचा गाभा अजून वाट बघत होता.

खरं तर या जेवणाच्या जुन्या पद्धतीत या अडचणीवर तोड आहे. अमेरिकी स्काउट पुडीत पिढ्यान्‌पिढ्या स्टेकऐवजी खिम्याची चपटी टिक्की, पातळ चिरलेला बटाटा, गाजर आणि कांदा घालतात. खिम्याचे धागे यंत्रातच तुटलेले असतात, त्यामुळे तो चामड्यासारखा होत नाही. शिवाय दळताना पृष्ठभागावरचे जंतू आतवर मिसळतात, म्हणून खिमा 71 अंशांपर्यंत शिजवावाच लागतो. बटाट्याशी त्याचं घड्याळ आपोआप जवळ येतं. कोंबडीलाही 74 अंश हवेत, तेव्हा तीही पुडीत चांगली रमते.

तांबूस रंग येत नाही, कारण...

पुडीतल्या मांसाला भाजल्याचा खमंगपणा का येत नाही? फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामिय मेयार यांनी 1912 साली साखर आणि अमिनो आम्लं यांच्यातल्या अभिक्रियेचं वर्णन केलं. भाकरीचा पापुद्रा, भाजलेला कांदा, तव्यावरचं मांस, या सगळ्यांचा वास आणि तांबूस रंग तिचाच. ती जोमाने चालते 140 अंशांच्या पुढे. पुडीतली वाफ तिथवर जात नाही. फॉइलला टेकलेल्या एखाद्या कडेचं पाणी आटलं तरच तिथे करपल्याची नक्षी उठते.

म्हणून स्टेक आधी तापलेल्या लोखंडी जाळीवर दोन्ही बाजूंनी मिनिटभर भाजून घ्यावा. मात्र 'भाजल्याने रस आत कोंडला जातो' ही समजूत सोडून द्यावी. जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लिबिग यांच्या 1847 च्या पुस्तकाने ती रूढ झाली आणि नंतरच्या प्रयोगांनी ती खोटी ठरवली. भाजलेल्या मांसातूनही रस गळतोच. भाजायचं ते चवीसाठी.

आंबटाचं काय?

कोकणात आमच्या घरी आई बजावायची, "बटाटा शिजल्याशिवाय आमसूल टाकू नकोस." आम्लात पेक्टिनची खळ लवकर सुटत नाही, त्यामुळे तिचं म्हणणं शास्त्राला धरून होतं. फॉइलच्या पुडीत आंबटाला आणखी एक अडचण आहे. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा थर असतो आणि तोच धातूचं रक्षण करतो. लिंबू, टोमॅटो, चिंच आणि मीठ एकत्र तापले की हा थर विरघळतो आणि धातू अन्नात उतरतो. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने 2011 मध्ये ॲल्युमिनियमसाठी आठवड्याला शरीराच्या दर किलो वजनामागे 2 मिलिग्रॅम ही मर्यादा ठरवली. 60 किलो वजनाच्या माणसाला ती 120 मिलिग्रॅम होते. अधूनमधून एखादी पुडी खाण्यात घाबरण्यासारखं काही नाही. तरी लिंबू पिळायचं ते ताटात.

शिळ्या पुडीचा धोका

सगळ्यात महत्त्वाची सूचना मात्र जेवण झाल्यानंतरची आहे. 1994 मध्ये टेक्सासमधल्या एल पासो शहरात एका रेस्टॉरंटमध्ये जेवलेल्या 30 जणांना बॉट्युलिझम झाला. ही विषबाधा स्नायू लुळे पाडते, श्वासही बंद पाडू शकते. तपासात मूळ सापडलं ते फॉइलमध्ये भाजलेल्या बटाट्यांत. ते फॉइलसकट कित्येक दिवस साध्या तापमानाला ठेवले गेले होते आणि मग त्यांचं तोंडीलावणं केलं होतं.

कारण पुन्हा तेच, शंभर अंशांची मर्यादा. क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनमचे बीजाणू मातीत असतात आणि बटाटा मातीतच वाढतो. शंभर अंशांत हे बीजाणू मरत नाहीत. त्यांना प्रेशर कुकरमधले 121 अंश लागतात. पुडी निवत जाते तशी आत ओलावा, ऊब आणि ऑक्सिजनचा अभाव अशा तिन्ही सोयी त्यांना मिळतात. बटाटा आंबटही नसतो. बीजाणू रुजतात आणि विष तयार होतं. त्याला वास असेलच असं नाही, चव बदलेलच असं नाही. म्हणून पुडी गरम असतानाच उघडावी, उरलेलं अन्न फॉइलमधून काढून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवावं, आणि रात्रभर बाहेर राहिलेली पुडी बिनदिक्कत टाकून द्यावी. अन्न वाया घालवू नये हे आपल्या अंगात मुरलेलं आहे, पण इथे हात आखडू नये.

दुसरी संध्याकाळ

दुसऱ्या दिवशी मुलाने स्वतःच आखणी केली. बटाट्याच्या अर्ध्या सेंटिमीटरच्या चकत्या, त्याही एकावर एक न चिकटवता पसरलेल्या. तळाशी कांद्याचा जाड थर, म्हणजे पाणीही मिळेल आणि बटाटा करपणार नाही. बटाट्याची पुडी आधी निखाऱ्यांवर गेली. मधल्या वेळात स्टेक जाळीवर भाजून झाला आणि शेवटच्या काही मिनिटांसाठी पुडी उघडून वर ठेवला.

"पण न उघडता कसं कळणार, बटाटा झाला की नाही?" त्याने विचारलं.

मी त्याला पोपटीबद्दल सांगितलं. रायगड जिल्ह्यात थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की शेतात पोपटी लागते. मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यावर शेंगा, बटाटे, अंडी, केळीच्या पानात बांधलेली कोंबडी, ओवा आणि जाडं मीठ. पाण्याचा थेंब नाही, तेलाचा थेंब नाही. पाल्याने तोंड गच्च बंद करून मडकं उपडं ठेवतात आणि भोवती जाळ करतात. पाल्याच्या आणि शेंगांच्या ओलाव्याची वाफ सगळं शिजवते, तिथेही आणि तुझ्या पुडीतही. माझे काका मडक्यावर पाण्याचा शिपकारा मारायचे. चर्र आवाज करून पाणी क्षणात उडालं की म्हणायचे, "झाली पोपटी, उतरवा."

"मग पुडीला काय ऐकायचं?"

पुडी सुरसुरत असते तोवर आत पाणी आहे आणि सगळं सुखरूप शिजतंय. सुरसुर थांबून तडतड सुरू झाली की पाणी संपत आलं, आता करपणार. एवढंच मी सांगितलं.

त्याने मोबाइलवर लावलेला गजर बंद केला, लाकडाचा ओंडका निखाऱ्यांजवळ ओढला आणि पुडीकडे कान लावून बसला.