सील बिचारे काय करणार?

मराठी शिकवणाऱ्या माणसाने मालमोटारीच्या पोटातल्या तेलावर लेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण आमचे आतेभाऊ नारायणगावकडे टोमॅटो करतात. २०२४ च्या आरंभी त्यांनी कर्ज काढून नवी मालमोटार घेतली, आणि तिच्या मागच्या आसाखाली पडलेल्या तेलाच्या एका डागाने दोन महिने आम्हां सगळ्यांना कामाला लावले. त्या निमित्ताने जे पाहिले आणि समजून घेतले, ते आपल्यापुढे ठेवतो.

मालमोटारीच्या मागे उभे राहून खाली वाकलात, तर आसाच्या मध्यावर एक लोखंडी डेरा दिसेल. त्यात डिफरन्शियल असते. त्याचे काम समजायला लेझमीची रांग आठवावी. रांग वळते तेव्हा आतले पोर जागच्या जागी पाय हलवते आणि बाहेरच्याला धावावे लागते. मोटारीच्या चाकांचेही तसेच आहे. बैलगाडीची चाके आसावर सुटी फिरतात, म्हणून तिला ही पंचाईत पडत नाही. मोटारीला मात्र दोन्ही चाकांना ताकदही द्यायची आणि त्यांना आपापल्या वेगाने जाऊही द्यायचे. पेकर नावाच्या एका फ्रेंच माणसाने ही युक्ती १८२० नंतरच्या दशकात वाफेच्या गाडीसाठी योजली होती. तिचे दाते आजही दाट तेलात बुडून फिरतात. त्या तेलाला गंधकाचा असा वास असतो, की एकदा हाताला लागला की जेवायला बसेपर्यंत पिच्छा सोडत नाही.

इंजिनाकडून आलेला फिरता दांडा या डेऱ्यात शिरतो, तेथे भोक ठेवणे भागच असते. दांडा फिरला पाहिजे आणि तेल तर बाहेर येता कामा नये. हे अवघड काम एक वीतभरही नसलेली कडी करते. तीच सील. तिला आतून रबराचा पातळ ओठ असतो आणि त्या ओठाला दांड्याशी धरून ठेवणारी नाजूक स्प्रिंग.

गाडी घेऊन तीन महिनेही झाले नव्हते, तोच या ठिकाणी तेल दिसू लागले. कंपनीच्या दुरुस्ती-केंद्रात सील बदलून मिळाले. कागदावर एकच शब्द लिहिला होता : लीकेज. पंधरा दिवसांत पुन्हा तेच. या खेपेला तेथले साहेब म्हणाले, “नव्या गाडीत एवढं चालायचंच.”

येथे माझ्यातला मास्तर जागा झाला. आपल्या भाषेत ओलसरणे, पाझरणे, ठिबकणे आणि गळणे हे वेगवेगळे आहेत, आणि मोटारीच्या बाबतीत तो फरक पैशांचा आहे. सीलच्या ओठाखाली तेलाची पातळ साय असावीच लागते, नाहीतर रबर जळेल. तेव्हा भोवती नुसती धूळ चिकटलेली दिसली तर पुसावे आणि लक्ष ठेवावे. पण खाली थेंब पडू लागला, की तेल आतून कमी होते आहे हे नक्की. तेल संपत आले की दाते तापतात, झिजतात आणि शेवटी सगळा डेराच उघडावा लागतो. चाकाजवळचे सील गेले तर त्याहून वाईट. तेल ब्रेकच्या लायनरवर जाते. आमच्या भावांची गाडी माल भरून माळशेज घाट उतरून कल्याणला आणि वाशीला जाणारी. वहिनींनी तर ड्रायव्हरला सांगूनच टाकले होते, “थेंब थांबेस्तोवर घाटात जायचं नाही.” इकडे टोमॅटो पिकून तयार, आणि बँकेचा हप्ता काही थांबणार नव्हता.

आळेफाट्याच्या अलीकडे एक म्हातारे मिस्त्री आहेत. त्यांनी पाना हातातही घेतला नाही. गाडीखाली सरपटत गेले, आसाच्या वरच्या अंगाला बोटाने चाचपले आणि तेथूनच म्हणाले, “साहेब, सील बिचारं काय करणार? आतून त्याला ढकलतंय ना कुणीतरी!”

आसावर अंगठ्याएवढी एक टोपी असते. तिला ब्रीदर म्हणतात. गाडी चालली की आतले तेल तापते, हवा फुगते, आणि ती या टोपीवाटे बाहेर पडते. मोठ्या गाड्या आजही पुष्कळदा नुसत्या चासीच्या रूपात विकल्या जातात आणि हौदा दुसरीकडे बांधून घ्यावा लागतो. हौदा बांधणाऱ्या रंगाऱ्याने उदार हस्ते खालीही फवारा मारला होता आणि टोपी रंगाने बुजली होती. कोंडलेल्या हवेने मग सर्वांत मऊ जागा शोधली. मिस्त्रींनी टोपी मोकळी केली, तेव्हा फुस्स असा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला. चिखलानेही हेच होते, हे त्यांनीच सांगितले. उलट, तापलेला आस ओढ्याच्या पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते, वाट नसेल तर सीलमधून पाणी ओढून घेते आणि तेल दुधासारखे पांढरे होते.

सील मात्र त्यांनी बदलले नाही. ते काढायचे तर पिनियनचे मोठे नट सोडावे लागते, आणि किती आवळायचे याचे माप असते. पुष्कळ गाड्यांत आत एक दबणारी नळी असते, ती जास्त दबली की बेअरिंगवर ताण येतो. “वॉरंटीत आहे, त्यांच्याकडूनच करून घ्या. आणि दांड्यावर नख फिरवून बघायला लावा. नख अडकलं तर चर पडलीय, मग नवं सीलही गळणार.” असला सल्ला देऊन त्यांनी केवळ चहा घेतला.

खरा सामना पुढे झाला. केंद्र म्हणाले, रंग आमचा नव्हे. हौदेवाला म्हणाला, सगळ्याच गाड्यांना मारतो. अखेर दादा मला म्हणाले, “प्रोफेसर, तू लिही.” मी एका पानाचे पत्र लिहिले. पहिले सील बदलताना टोपी पाहिल्याची नोंद तुमच्या कागदावर नाही. पाहिली असती तर दुसरे सील गेले नसते. एवढाच मुद्दा, तारखांसह, आणि सोबत रंगलेल्या टोपीचा फोटो. आठ दिवसांनी सील आणि मजुरी त्यांनी सोसली, तेलाचे पैसे दादांनी दिले. ड्रायव्हरने समोर उभे राहून गाडी सपाटीवर घ्यायला लावली आणि भरायच्या बुचाच्या काठापर्यंत तेल येईतो मोजून भरवले. त्याहून जास्त भरले तरी ते सीलवरच येते. दुसऱ्याच दिवशी गाडी साडेतीनशे क्रेट घेऊन माळशेजकडे निघाली.