विश्लेषण : वंशावळ संगणकावर, पण टिपा अहवालात कशा छापाव्यात?

बारावीनंतर व्यावसायिक अभ्यासक्रमाला राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा तर जात वैधता प्रमाणपत्र लागते. नंदुरबार जिल्ह्यात २०११च्या जनगणनेनुसार दर दहापैकी जवळपास सात जण अनुसूचित जमातीचे आहेत. त्यामुळे इथे हा प्रश्न घरोघरी येतो. अर्जासोबत वंशावळीचे शपथपत्र द्यावे लागते, आणि अनेक घरांतली मुले ती वंशावळ आधी संगणकावर मांडून बघतात. नावे जुळतात. अडते ते टिपांपाशी.

टिपांना एवढे महत्त्व का?

राष्ट्रपतींचा अनुसूचित जमातींबाबतचा आदेश ६ सप्टेंबर १९५०चा. त्यामुळे त्याआधीच्या नोंदीचे वजन जास्त. ती नोंद पणजोबांच्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात सापडते, नाहीतर गाव नमुना १४ मध्ये. पण जुन्या नोंदीत अनेकदा आडनावच नसते, किंवा आडनावाच्या जागी जमातीचे नाव असते. एकाच कुटुंबात कुठे ‘भिल’, कुठे ‘भिल्ल’ असे लिहिलेले आढळते. जिल्ह्याचे नावही बदलत गेले. १९०६ मध्ये खान्देशाची विभागणी झाल्यावर हा भाग पश्चिम खान्देशात गेला, पुढे तो धुळे जिल्हा झाला आणि १ जुलै १९९८ला नंदुरबार वेगळा निघाला. सरदार सरोवरात तर अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावे बाधित झाली. मूळ गाव आणि आजचा पत्ता यांचा मेळ कसा लागतो, हे झाडाच्या चौकटीत मावत नाही. ते टिपेतच लिहावे लागते.

सॉफ्टवेअरमध्ये नेमके काय करायचे?

‘ग्रॅम्प्स’ हे मोफत, मुक्त सॉफ्टवेअर उदाहरणादाखल घेऊ. त्यातल्या सविस्तर पूर्वज अहवालात टिपा घ्यायच्या की नाही, याचा वेगळा पर्याय आहे. स्रोत आणि स्रोतांच्या टिपा यांचे पर्यायही स्वतंत्र आहेत. व्यक्तीची टीप तिच्या मजकुराखाली येते, स्रोत मात्र शेवटी एकत्र छापले जातात. त्यामुळे रजिस्टरचा क्रमांक, शाळा, तारीख हे स्रोतात टाकावे आणि ‘आडनाव वेगळे का दिसते’ हा खुलासा व्यक्तीच्या टिपेत. दोन्ही एकाच टिपेत कोंबले की वाचणाऱ्याचा जीव मेटाकुटीला येतो.

रजिस्टरातल्या ओळी जशाच्या तशा ठेवायच्या असतील तर टिपेच्या खिडकीत ‘प्रीफॉरमॅटेड’वर खूण करा. नाहीतर रकान्यांसाठी सोडलेल्या जागा अहवालात गळून पडतात आणि सगळा मजकूर सलग होतो. घरगुती गोष्टी, म्हणजे दुसरे लग्न, भाऊबंदकी, आजारपण, यांच्या टिपांना कुलूप लावून त्या खासगी करता येतात. अहवाल काढताना खासगी नोंदी वगळण्याचा पर्याय निवडलाय ना, हे पाहावे. कुलूप लावले आणि पर्याय विसरला, तर चुलत्यांचे भांडण छापून हातात येते.

मराठीची खास अडचण फॉन्टची. झेरॉक्सच्या दुकानात ‘शिवाजी’ किंवा ‘कृतिदेव’मध्ये टाइप केलेला मजकूर टिपेत चिकटवला की निरर्थक अक्षरे उमटतात. टिपा युनिकोडमध्येच लिहा. शीर्षकाचा आकार, समास, परिच्छेदांमधले अंतर शैली संपादकात बदलता येते. ठरावीक देवनागरी फॉन्ट हवा असेल तर अहवाल ओडीटी स्वरूपात काढून लिब्रेऑफिसमध्ये बदलणे सोपे.

हा अहवाल समितीला चालतो का?

तो शपथपत्राची जागा घेत नाही. शपथपत्र विहित नमुन्यातच करावे लागते. अहवाल उपयोगी पडतो तो कोणत्या पूर्वजाचा कोणता कागद अजून मिळवायचा आहे, हे कळायला. वंशावळ वडिलांच्या बाजूने मागितली जाते, म्हणून बहुतेक घरे आत्या आणि बहिणींना झाडातून गाळतात. तसे करू नये. वडिलांच्या सख्ख्या बहिणीकडे आधीच वैधता प्रमाणपत्र असेल, तर तेच कामाला येऊ शकते. तिच्या टिपेत त्या प्रमाणपत्राचा क्रमांक आणि दिनांक जरूर लिहा.