चढावरची हाक
ठाण्याच्या कोपरीतले धावपटू ऑगस्टमध्ये तिथल्या वर्षा मॅरेथॉनमध्ये भिजतात आणि जानेवारीत मुंबई मॅरेथॉनचे ४२.१९५ किलोमीटर पळायला निघतात. खरी कसोटी लागते ती तिसाव्या किलोमीटरनंतर, पेडर रोडच्या चढावर. स्नायूंतलं ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, संपत आलेलं असतं आणि मेंदू ‘थांब’ म्हणू लागतो.

तिथे बायकोची किंवा नवऱ्याची हाक आणि हसरा चेहरा कामी येऊ शकतो.

थकेपर्यंत सायकल चालवणाऱ्यांवर सॅम्युएले मार्कोरा आणि सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. समोर कधी हसरे, कधी उदास चेहरे झळकत, तेही जाणवणार नाहीत इतके झरझर. हसऱ्या चेहऱ्यांच्या वेळी तेच सायकलस्वार जास्त वेळ टिकले, कारण तेवढेच श्रम त्यांना कमी वाटले.

म्हणून हसऱ्या चेहऱ्याच्या जोडीदाराने अंतिम रेषेपाशी वाट पाहू नये. ठाण्याहून लोकल पकडावी, दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरावं आणि तो चढ गाठावा.